धागा: सीमाभागातल्या गावांची रोजची बातमी कोण सांगणार?

मार्कंडेय_काठ (बेळगाव तालुका)

नमस्कार मंडळी. विषय जरा मोठा आहे, सवडीने वाचा. पण वाचून झाल्यावर आपापल्या गावचं काहीतरी लिहाच.

आपल्या भागाची बातमी बाहेर कधी जाते? १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला, बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं तेव्हा, आणि कुठे बसवर दगड पडला किंवा पाटीला काळं फासलं की. तेवढे दिवस मुंबईचे आणि बंगळूरचे कॅमेरे इथे असतात. नंतर आपली आठवण कुणाला येत नाही. सीमाप्रश्नाबद्दल माझ्या मनात तसूभरही शंका नाही. १९५६ पासूनचा हा प्रश्न आमच्या घरात तिसऱ्या पिढीकडे आलाय, आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. पण तारखांच्या नादात रोजचं जगणं बातमीतून गळून गेलंय, हे मला खरंच टोचतं. नळाला पाणी किती दिवसांनी येतं, आजोबांच्या नावचा उतारा नातवाच्या नावावर का चढत नाही, हलगा-मच्छे बायपासमध्ये ज्यांची पिकाऊ जमीन गेली ती घरं आता कशावर चालतात, मराठी शाळेत यंदा पहिलीला किती पोरं आली. हे कुणी लिहायचं?

बेळगावात मराठी वर्तमानपत्रांची वाण नाही. बाबूराव ठाकूरांनी १९१९ साली ‘तरुण भारत’ काढला, त्याला शंभर वर्षं होऊन गेली. पण जिल्ह्याचं वर्तमानपत्र एका गावाला देऊन देऊन किती जागा देणार? चार ओळी. त्याही जत्रा, सत्कार आणि निधन यांच्यातच संपतात.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, जी सातारच्या किंवा धारवाडच्या माणसाला चटकन कळणार नाही. पंचायतीच्या भिंतीवरचा कागद कन्नडमध्ये असतो. जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, ही तरतूद १९५६ पासून कागदावर आहे. त्यासाठी मोर्चे निघतात, निवेदनं जातात, ती जावीतच. पण तोवर मराठी शाळेत सातवी झालेली बाई त्या भिंतीसमोर उभी राहून काय करणार?

२०२३ च्या जुलैत कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेची नोंदणी सुरू झाली, कुटुंबप्रमुख बाईला महिन्याला २,००० रुपयांची. आमच्या गल्लीत निम्म्या बायकांना कळेना की रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून बाईचं नाव हवं म्हणजे नक्की काय करायचं. डिग्रीला असलेल्या एका मुलीने कन्नड आदेश नीट वाचला, ग्रामवन या सरकारी सेवा केंद्रात जाऊन विचारलं आणि साध्या मराठीत एक ऑडिओ करून गल्लीच्या ग्रुपवर टाकला. शेजारच्या गावांतून तिला फोन यायला लागले. तिने स्वतःला पत्रकार कधी म्हटलं नाही, पण तिच्या त्या ऑडिओने कितीतरी घरांत महिन्याचे पैसे सुरू झाले. मी तिला पत्रकारच म्हणतो.

उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटमध्ये २००२ साली ‘खबर लहरिया’ निघालं. त्याआधी नवसाक्षर बायकांचं ‘महिला डाकिया’ नावाचं पत्रक होतं, त्यातून ही वाट फुटली. गावच्या बायका, त्यातल्या बऱ्याच दलित, बुंदेलीत बातमी लिहायच्या, त्याच संपादन करायच्या आणि त्याच गावोगाव फिरून अंक विकायच्या. २००९ मध्ये युनेस्कोचा साक्षरता पुरस्कार मिळाला. आता ते सगळं मोबाईलवर, व्हिडिओत असतं. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. जिने हातपंप बंद असल्याची बातमी केली, तिला महिन्याभराने त्याच वाटेने जायचं असतं. पंप अजून बंद असेल तर ती पुन्हा विचारते. बाहेरून आलेला वार्ताहर पुन्हा येत नाही. बदल घडतो तो या दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारण्यातून, असं माझं ठाम मत आहे.

तर विचारायचं ते असं: तुमच्या गावात असं काही चालतं का? कोण चालवतं? त्यातून काय झालं? कागद, रेडिओ, फोन, चौकातला फळा, काहीही चालेल.

शहापूरचा_वाचक

उत्तम विषय. थोडा मागचा धागा जोडतो, कारण आपण नवं काहीतरी करतोय असं तरुणांना वाटतं आणि मग चार महिन्यांत दमतात.

कृष्णराव भालेकरांनी १ जानेवारी १८७७ ला ‘दीनबंधु’ काढला. सत्यशोधकांचं म्हणणं इतर पत्रांत येत नव्हतं म्हणून काढला. पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो मुंबईत चालवला आणि गिरणी कामगारांच्या हालांना त्यात जागा मिळाली. त्याहून मला जवळचा वाटतो मुकुंदराव पाटलांचा ‘दीनमित्र’. नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून १९१० मध्ये निघाला आणि १९६७ पर्यंत चालला. शहरात न जाता, खेड्यात छापखाना ठेवून! ज्यांना वाटतं की गावातून माध्यम चालत नाही, त्यांनी या सत्तावन्न वर्षांचा विचार करावा.

आणि बाबासाहेबांचा ‘मूकनायक’, ३१ जानेवारी १९२०. शाहू महाराजांनी २,५०० रुपयांची मदत केली. दोन महिन्यांच्या आत, मार्चमध्ये, माणगावची परिषद झाली. माणगाव इथून फार लांब नाही. १९२५ मध्ये तर आपल्या निपाणीतच बहिष्कृत परिषद भरली आणि बाबासाहेब तिला आले. पत्र, परिषद आणि जलसा ही तिन्ही अंगं बरोबर चालली. वाचता न येणाऱ्याला जलसा, भेटायला परिषद, आणि लांबच्याला पत्र. एकट्या पत्राने एवढं झालं नसतं.

आज आपल्याकडे कडोली, उचगाव, येळ्ळूर, कारदगा, कुद्रेमनी इथे दरवर्षी मराठी साहित्य संमेलनं भरतात, लोक वर्गणी काढतात, ग्रंथदिंडी निघते. हजारो माणसं एका मांडवात बसलेली असतात. त्या मांडवात एक तास ‘आमच्या गावचं वर्तमान’ म्हणून गावकऱ्यांनाच बोलू द्या, असं मी कित्येकदा सुचवलंय. कविसंमेलन एक तासाने कमी झालं तर कवितेचं काही बिघडत नाही.

निपाणीची_लेक

शहापूरकर काका, जलशाचं बोललात त्यावरनं आईचं आठवलं.

माझी आई विड्या वळायची. निपाणीत तंबाखू आणि विडी याशिवाय घर चालायचंच नाही त्या काळी. १९८१ ला शरद जोशींचं तंबाखूचं आंदोलन झालं, हायवेवर शेतकरी बसून राहिले आणि एप्रिलात गोळीबार झाला, माणसं गेली. त्यांचं ‘वारकरी’ साप्ताहिक १९७९ पासून निघत होतं, ते आमच्या मामाकडं यायचं. पण आईला वाचता येत न्हवतं. तिच्यापर्यंत काय पोचलं? प्राध्यापक सुभाष जोशींनी विडी कामगार बायकांची संघटना बांधली, त्यांच्या सभा. गेटवरच्या, गल्लीतल्या, देवळापुढच्या.

त्या सभांत छाटीचं बोलणं व्हायचं. छाट म्हंजे काय ते ज्यांना म्हाईत न्हाई त्यांच्यासाठी सांगते. वळलेल्या विड्या द्यायला गेलं की मालकाचा माणूस त्यातल्या खराब म्हणून काढून टाकायचा. काढलेल्या विड्यांची मजुरी न्हाई, आणि विड्या परतबी न्हाईत. १९६६ च्या विडी कामगार कायद्याखालच्या नियमांत साधारण अडीच टक्क्यांवर छाट काढू नये असं होतं. हा अडीचचा आकडा आईला कुणी पेपरात वाचून दाखवला न्हाई. सभेत ऐकला, तो घरी येऊन शेजारणीला सांगितला, तिनं तिच्या जावेला. आणि एक दिवस हजार विडीमागं किती काढता ते मोजून दाखवा म्हणून बायकाच उभ्या राहिल्या. आई शेवटपर्यंत आकडे बोटावर सांगायची.

आता माझा मुद्दा. आज प्रत्येक गल्लीचा ग्रुप हाय, पण ॲडमिन कोण? पुरुष. बाईचा फोन घरात पोराच्या हातात असतो. मार्कंडेय दादा, तुमच्या त्या मुलीचा ऑडिओ का चालला सांगू? आवाज होता म्हणून. विडी वळताना, भाकरी थापताना, भांगलणीला वाकल्यावर हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. बायकांपर्यंत जायचं असेल तर लिहू नका, बोला. आणि बाईच्या आवाजात बोला.

सध्या_पुण्यात (मूळ गाव हुक्केरी तालुका)

ताईंनी आवाजाचा मुद्दा काढलाच आहे, तर सामुदायिक रेडिओबद्दल लिहितो. काही वर्षं या क्षेत्रात काम केलंय.

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यानंतरही सामान्य संस्थांना परवाना मिळायला ११ वर्षं गेली. आधी फक्त शिक्षणसंस्थांना, आणि २००६ च्या धोरणानंतर स्वयंसेवी संस्थांना आणि कृषी संस्थांना. आज देशात अशी पाचशेच्या आसपास केंद्रं आहेत. १०० वॅटचा प्रक्षेपक असतो, सपाट मुलखात दहा-बारा किलोमीटरपर्यंत ऐकू येतो. निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक लोकांनी, स्थानिक बोलीत केलेला असावा लागतो.

तेलंगणात झहीराबादजवळ ‘संगम रेडिओ’ आहे, १५ ऑक्टोबर २००८ पासून. दलित शेतकरी बायका चालवतात. बियाणं कसं राखायचं, ज्वारी-बाजरीसारखी धान्यं का सोडायची नाहीत, बाळंतिणीला काय द्यायचं, त्यांचीच गाणी, त्यांचीच बोली. आपल्या साताऱ्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ त्याच वर्षी सुरू झाला. बेळगाव शहरात केएलईचा ‘वेणुध्वनी’ आहे. पण निपाणी ते खानापूर या मराठी पट्ट्यात गावकऱ्यांनीच चालवलेलं, मराठी-कन्नड दोन्ही बोलणारं केंद्र हवं, असं मला फार दिवसांपासून वाटतं.

दोन अटी आधीच सांगून ठेवतो. राजकीय पक्षाला किंवा त्याच्याशी जोडलेल्या संघटनेला परवाना मिळत नाही. सीमाभागात बहुतेक संघटना कुठल्या ना कुठल्या निवडणुकीत असतात, त्यामुळे हे पुढाकार घेणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी लक्षात घ्यावं. महिला बचतगटांचा महासंघ किंवा शेतकऱ्यांची संस्था असेल तर मार्ग सोपा. दुसरी अट जास्त जाचक आहे. या केंद्रांवरून स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या आहेत तशा द्याव्या लागतात. ही बंदी मला अन्यायाची वाटते. ज्या गावाला स्वतःचा आवाज दिला, त्याला स्वतःची बातमी सांगायला मनाई! मात्र हवामान, पुराचा इशारा, योजनेची माहिती, आरोग्य, शेतीभाव हे सगळं सांगता येतं, आणि त्यातच गावाचं निम्मं आयुष्य येतं.

कृष्णा_दूधगंगा (चिकोडी तालुका)

पुराचा इशारा म्हणालात म्हणून सविस्तर लिहितो. आमच्याकडे माध्यम म्हणजे काय हे पुराने शिकवलं.

आमची गावं दूधगंगेच्या काठाला. दूधगंगेचं पाणी काळम्मावाडीतून येतं, वेदगंगेचं पाटगावातून, कृष्णेचं कोयनेतून. ही सगळी धरणं महाराष्ट्रात. पाणी राजापूर बंधाऱ्यावरून पुढे सरकलं की कर्नाटकात, आणि कल्लोळला दूधगंगा कृष्णेला मिळते. खाली अलमट्टी, म्हणजे पुन्हा कर्नाटक. सोडणारं सरकार एक, बुडणाऱ्या गावांचं सरकार दुसरं. कोल्हापूरचा पाटबंधारे विभाग आकडे मराठीत देतो, चिकोडीचं तहसील सूचना कन्नडमध्ये देतं. मधे आम्ही.

पावसाळ्यात आमचे बंधारे एकामागून एक पाण्याखाली जातात. कल्लोळ-येडूर, कारदगा-भोज, जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ. बंधारा गेला की दूधवाला, शाळेची पोरं, दवाखान्याला निघालेली बाई, सगळे अडकतात. कुठला बंधारा कधी गेला हे वेळेवर कळणं हीच आमच्यासाठी सगळ्यात मोठी बातमी.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये काय झालं ते साऱ्यांनी पाहिलं. कर्नाटकात सगळ्यात जास्त फटका बेळगाव जिल्ह्याला बसला. त्या आठवड्यात फोनवर काय काय फिरत होतं! कोयना फुटली. अलमट्टीचे दरवाजे मुद्दाम बंद ठेवलेत. आज रात्री अमुक लाख क्युसेक येणार. एका आवाजात भरवलेली भीती दुसऱ्या ग्रुपवर जाईपर्यंत दुप्पट व्हायची. म्हातारी माणसं रात्री गुरं सोडून उंचावर पळाली, आणि दुसऱ्या गावात खरंच पाणी आलं तेव्हा ‘ही पण अफवाच’ म्हणून लोक घरात बसून राहिले. अफवेचं नुकसान असं दोन्ही बाजूंनी होतं.

त्यानंतर आमच्या काठावरच्या काही गावांतल्या पोरांनी एक पद्धत बसवली. प्रत्येक बंधाऱ्याजवळचा एक माणूस ठरलेला. तो स्वतः पाहून सांगणार, ऐकीव नाही. कोल्हापूरला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज बघायची. तिथे इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३ फूट. ते पाणी नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळून आमच्याकडे यायला वेळ लागतो, त्या वेळात गुरं हलवता येतात. अलमट्टीची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर, आजची किती तेही. मग दिवसातून ठरलेल्या वेळी एकच संदेश, मराठी आणि कन्नड, खाली ‘कुणी पाहिलं, किती वाजता पाहिलं’. बाकी चर्चा त्या ग्रुपवर चालत नाही. देवळाच्या आणि मशिदीच्या भोंग्यावरूनही तोच संदेश वाचतात. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा आमच्या गावातलं एकही जनावर वाहून गेलं नाही.

पण मला खरं सांगायचंय ते पुराच्या नंतरचं. पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख जाहीर झाले होते. घर ए वर्गात की बी की सी, म्हणजे किती पडलंय, हे पंचनाम्यावर ठरायचं. मातीची भिंत पुरात लगेच पडत नाही, पाणी ओसरल्यावर आठ-दहा दिवसांनी, ऊन पडलं की फुगून बसते. पंचनामा करणारा आला तेव्हा ती उभी असते, म्हणून घर सगळ्यात कमी नुकसानीच्या सी मध्ये. याच पोरांनी प्रत्येक घराचे तारखेसह फोटो ठेवले होते, पंचनाम्याच्या दिवशीचे आणि भिंत पडल्यानंतरचे. पंचायतीत लागलेली यादी त्यांनी चौकात मोठ्याने वाचली, दोन्ही भाषांत. ग्रामसभेत फोटो मांडले. काहींची फेरपाहणी झाली, काहींची झाली नाही. ज्यांची झाली नाही त्यांची नावं अजून दर ग्रामसभेत वाचतात. यातली दोन म्हातारी माणसं दरम्यान वारली. तरी नाव वाचतात, वारसांसाठी.

पुन्हा विचारणं म्हणालात ना दादा, ते हे.

खानापूर_रान

सगळं वाचलं, पटलं. पण आमगाव, गवाळी, कोंगळा, पास्टोली ह्या गावांत मोबाईलला रेंजच न्हाई की. भीमगड अभयारण्याच्या आतली गावं. पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून आणतात तेव्हा कुणीतरी व्हिडिओ करतो, रेंजमध्ये आल्यावर टाकतो, दोन दिवस बातमी होते. गाव हलवायचं की रस्ता द्यायचा ह्यावर सगळे बोलतात. त्या गावातलं माणूस काय म्हणतंय ते कधी ऐकलंय कुणी? रेडिओ असेल तर आधी आमच्याकडे. डोंगरात १०० वॅट किती पोचतं ते मात्र सांगा.

सध्या_पुण्यात

खानापूरकर, डोंगरात लहरी अडतात, खरं आहे. मनोरा उंचावर असला तरी दऱ्यांत सावली राहणारच. त्यासाठी दुसरा एक दाखला देतो. कोलार जिल्ह्यातल्या बुदिकोटेत ‘नम्म ध्वनी’ सुरू झाला तेव्हा गावाला परवाना मिळत नव्हता. मग त्यांनी केबलच्या तारेवरून आवाज घरोघर नेला. कार्यक्रम गावातच ध्वनिमुद्रित करायचे. तुमच्याकडे मेमरी कार्डावर भरून आठवड्याच्या बाजाराला पाठवता येईल, शाळेच्या किंवा दूध संकलनाच्या स्पीकरवर लावता येईल. आणि परतीच्या माणसाबरोबर गावातलं ध्वनिमुद्रण बाहेर. छत्तीसगडमध्ये २०१० पासून ‘सीजीनेट स्वर’ फोनवर चालतं. आदिवासी गोंडीत किंवा हिंदीत तक्रार सांगतात, ती तपासली जाते, मग कुणीही फोन करून ऐकू शकतं. संदेशाच्या शेवटी संबंधित अधिकाऱ्याचा कार्यालयीन क्रमांक असतो, ऐकणाऱ्याने त्याला फोन करून विचारावं म्हणून. काम झालं की तोच माणूस पुन्हा फोन करून झालं म्हणून सांगतो.

घटप्रभा_गोकाक

माझी मातृभाषा कन्नड. आजोळ कागवाडचं, मराठी तिथे शिकले. चुकलं तर समजून घ्या.

मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. आमच्याकडे सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडायची प्रथा होती. १९८२ मध्ये कर्नाटकाने कायदा केला. कायदा झाल्यावर प्रथा चोरून चालू राहिली. ती कमी केली ती पूर्वी स्वतः देवदासी असलेल्या बायकांनी. त्यांची ‘मास’ ही संस्था १९९७ पासून आमच्या भागात आहे, सीतव्वा जोडट्टी अक्कांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. कुठल्या घरात मुलीला मणी बांधायचं ठरतंय ही बातमी त्यांना कुठून कळायची? त्यांच्यासारख्याच बायकांकडून. मग त्या घरी जाऊन बसायच्या, स्वतःचं आयुष्य सांगायच्या. पुनवेच्या यात्रेत पथनाट्य, गाणी. ज्या यात्रेत त्यांना सोडलं त्याच यात्रेत उभ्या राहून. यल्लम्माला येणारी माणसं कन्नड बोलतात, मराठी बोलतात, सांगली-कोल्हापूरहून गाड्या भरून येतात. तिथे एकाच भाषेत बोलून कसं चालेल?

दुसरी गोष्ट. पी. लंकेश यांनी १९८० मध्ये ‘लंकेश पत्रिके’ काढली, जाहिरात न घेता. वाचकाच्या पैशावर चालवली. माझे वडील शिक्षक होते, ते ती विकत घ्यायचे आणि वाचून झाल्यावर न्हाव्याच्या दुकानात ठेवायचे. सरकारला कुणीही प्रश्न विचारू शकतो हे आमच्या पिढीने त्यातून शिकलं.

एक विनंती आहे. तुम्ही गावचं माध्यम काढलंत तर आम्हाला त्यात जागा द्या. नळाला पाणी आलं नाही तर ते माझ्याही घरी येत नाही.

कॅम्पातला_वार्ताहर

अक्का, शेवटचं वाक्य मनापासून पटलं.

मी बरीच वर्षं तालुका वार्ताहर होतो, म्हणून पैशाचं बोलतो. कुणीतरी बोललंच पाहिजे. तालुका वार्ताहराला मिळणारं मानधन पेट्रोलला पुरत नाही. त्याला जाहिराती आणायला सांगतात. वाढदिवसाची जाहिरात ज्या नेत्याकडून घ्यायची त्याच्याच वॉर्डातल्या गटाराची बातमी कशी करणार? आता तेच यूट्यूब चॅनेलांचं झालंय. हातात माईक घेऊन फिरणारी पोरं गुणी आहेत, पण निवडणूक आली की चॅनेल कुणाचं ते कळतं. गावच्या माध्यमाला गावानेच पैसे घातले नाहीत तर ते दुसऱ्या कुणाचं तरी होणार. गणपतीला, जत्रेला, संमेलनाला वर्गणी निघते. माहितीला निघायला हवी. घरटी महिन्याला दहा रुपये.

आणि अफवेचं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पोरं पळवणारे समजून जमावाने पाच भटक्या माणसांना मारून टाकलं. गोसावी समाजाची, भिक्षा मागून जगणारी माणसं होती. व्हॉट्सॲपने त्यानंतर संदेश पुढे पाठवण्यावर पाचाची मर्यादा घातली. माध्यम लोकांच्या हातात आलं म्हणजे ते आपोआप चांगलं होत नाही, हे मला ठासून सांगायचंय. अफवा फिरवणारे ग्रुपसुद्धा लोकांचेच होते. चिकोडीकर अण्णांनी सांगितलेलं ‘कुणी पाहिलं, किती वाजता पाहिलं’ हे सक्तीचं करा. आणि ज्याच्यावर आरोप आहे, मग तो पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) असो, रेशन दुकानदार असो, त्याला विचारल्याशिवाय काही टाकू नका. तो बोलला नाही तर बोलला नाही असं लिहा.

मार्कंडेय_काठ

एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, विशेषतः गोकाकच्या अक्कांचे.

रेडिओला वेळ लागेल, संस्था कुठली यावर वेगळा धागा काढू. तोवर आमच्या गावात दोन गोष्टी सुरू करतो. एक, चौकातला फळा. शाळेतला जुना आणलाय, रंगवायला दिलाय. एका बाजूला मराठी, एका बाजूला कन्नड. कन्नड बाजू आमच्या गल्लीतल्या आशा कार्यकर्तीने घेतली आहे. दोन, दर शनिवारी एक ऑडिओ, पाच मिनिटांच्या आत. पंचायतीचा, तलाठ्याचा, शाळेचा, दवाखान्याचा एकेक विषय. ती डिग्रीची मुलगी तयार आहे, पण तिच्या घरून विचारलं की पंचायतीतल्या लोकांनी राग धरला तर? हा प्रश्न खरा आहे, मला त्याचं उत्तर हवंय.

निपाणीची_लेक

दादा, तिला एकटीला करू देऊ नका. चार बायकांचे आवाज ठेवा, आळीपाळीनं. कुणाचा तरी एकटीचा आवाज झाला की तिलाच धरतात. आईच्या संघटनेत निवेदन द्यायला कधी एकटी बाई जायची न्हाई, पन्नास-साठ जणी जायच्या आणि बोलायची कोण ते दर खेपेला बदलायचं. मुलीच्या आईला घ्या त्यात, पहिली. आणि पहिला ऑडिओ भांडणाचा नको. रेशन कुठल्या तारखेला, लसीकरण कधी, एवढंच. लोकांना सवय लागू दे. मग गटाराचं काढा.

शहापूरचा_वाचक

ताई, किती नेमकं सांगितलंत. फळ्याच्या खडूचा आणि रंगाचा वर्षाचा खर्च माझ्याकडून. गाव सांगा, व्यक्तिगत निरोप करा.

कृष्णा_दूधगंगा

फळ्यावर एक कोपरा कायमचा राखून ठेवा. त्यात न झालेली कामं लिहायची, तारखेसह, आणि काम होईपर्यंत पुसायची नाहीत. आमच्याकडे पोरं उत्साहात रोज सगळा फळा पुसायची, म्हणून जुनं विसरायचं. आता तो कोपरा ऑइलपेंटने आखून घेतलाय. सध्या त्यात पाच ओळी आहेत, सगळ्यात वरची २०१९ च्या घरांची. आणि खानापूरकर, तुमच्या बाजाराचा वार कळवा. गवाळीकडचं कुणी येत असेल तर आमच्याकडचा एक जुना स्पीकर आणि मेमरी कार्ड पाठवतो.

खानापूर_रान

रविवार, खानापूरचा बाजार. गवाळीची दोन माणसं असतात, भाजीच्या ओळीपाशी. मी थांबतो तिथं.